झुकेरानांच्या पितरांचं पथ्य

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. झुकेरानांच्या घरी पिकतही होतं आणि विकतही होतं, फक्त खात कुणी नव्हतं.

मोझुकू म्हणजे समुद्रातलं शेवाळ. तपकिरी, केसासारखं बारीक, आणि चिमटीत धरायला जावं तर निसटून जाईल इतकं बुळबुळीत. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात जाळ्या अंथरायच्या, त्यांवर ते वाढू द्यायचं, वसंतात पाण्यात बुडी मारून जाड नळीने ओढून होडीत घ्यायचं, हा त्यांचा बापजाद्यांपासूनचा धंदा. ओकिनावाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या गावातून मोझुकू तोक्योपर्यंत जायचं. तिथल्या बायका त्याच्या इवल्याशा डब्या औषधासारख्या जपून घरी नेत. आणि ज्याच्या होडीतून ते यायचं, तो सेइकिची झुकेरान जेवायला बसला की त्याच्या पुढ्यात डबाबंद डुकराच्या मांसाचे तळलेले काप, त्यावर अंडी आणि शेजारी पांढऱ्या भाताचा डोंगर असे.

"दिवसभर मी त्या शेवाळात लोळतो," तो म्हणायचा. "सुतार घरी येऊन लाकूड चावतो का?"

या वाक्यावर तो स्वतःच इतका खूश होता की लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी दर हंगामात ते नव्याने ऐकवायचा. मुलगा ताकेरुही दर वेळी हसायचा. ताकेरु बापाबरोबरच होडीवर काम करी, बापासारखाच आडवा वाढला होता, आणि ताटात हिरवं काही दिसलं की जेवायच्या काडीने उचलून त्याला कडेला हद्दपार करी.

मित्सुए ही सेइकिचीची बायको. शेजारच्या गावातल्या टोफूवाल्याची मुलगी. अंगाने बुटकी, आवाजाने मात्र एवढी उंच की ती स्वयंपाकघरातून "जेवायला!" म्हणाली तर धक्क्यावरची दुसऱ्यांची माणसंही हात धुवायला लागत. तिला संत करायचं कारण नाही. तळणीच्या वासाने तिचेही पाय स्वयंपाकघराकडे वळायचे आणि घरातली निम्मी डबाबंद मांसाची चळत तिनेच सवलतीच्या दिवशी आणून रचलेली असे. एक मात्र खरं, की बाईने एखादी गोष्ट मनात घेतली की ती गोष्ट सुटका करून घेऊ शकत नसे.

आणि सासूबाई नाबे. नव्वदी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, पण रोज सकाळी परसातल्या वाफ्यात उकिडवी बसून कारल्याच्या वेलाशी भांडणारी. तिचं जेवण वेगळं. जांभळं रताळं, टोफू, कारलं आणि व्हिनेगर घातलेलं वाटीभर मोझुकू. "म्हाताऱ्यांचं खाणं" म्हणून बाकीचे नाकं मुरडत. घरातलं सगळ्यांत जुनं माणूस घरात सगळ्यांत धडधाकट होतं, पण ही गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती. नाबेला कमी ऐकू यायचं. नेमकं सांगायचं तर, तिला हवं तेव्हाच ऐकू यायचं.

हे असंच चाललं असतं. पण सेइकिचीचा धाकटा भाऊ सेइतोकु एके दिवशी धक्क्यावर होडीचा दोर बांधता बांधता खाली बसला, तो उठलाच नाही. भावाच्याच ताटात वाढलेला, भावासारखंच खाणारा, बिनलग्नाचा, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या गड्यांत पहिला. सगळ्या गावाला त्याचा चटका लागला.

त्या दुःखातच पितरांच्या देव्हाऱ्यावरून भांडण झालं. झुकेरानांच्या बैठकीत देव्हारा आहे, त्यात गेलेल्यांची नावं लिहिलेल्या लाल पट्ट्या उभ्या असतात. वरच्या ओळीत पुरुष, खालच्या ओळीत बायका. सेइतोकुला बायको नाही, पोर नाही, त्याची पट्टी ठेवायची कुठे? नाबे म्हणाली, बापाच्या शेजारी. तिची नणंद कामेचि ताडकन उठली. कामेचि म्हणजे भावकीतलं चालतंबोलतं धर्मशास्त्र.

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? उद्या सेइकिची जाईल तेव्हा त्याचीही पट्टी तिथेच यायची. दोन भाऊ एका देव्हाऱ्यात शेजारी बसत नाहीत! घराण्याला बाधतं!"

"सेइकिची आत्ता कुठे चाललाय?" नाबे म्हणाली आणि तिने पट्टी ठेवून दिली. कामेचिने पुढची दोन वर्षं ही गोष्ट दारोदार सांगितली.

त्या दिवसापासून नाबेचा एक नेम झाला. सकाळी देव्हाऱ्यात चहा ठेवताना पहिली वाटी नवऱ्याची असायची, ती आता मुलाची झाली. मग ती हात जोडून बसायची. लेकाने आईपुढे हात जोडायचे, ही जगाची रीत. इथे आई लेकापुढे जोडत होती. ती रडायची नाही. दाराशी उभ्या असलेल्या मित्सुएला मात्र ते रोज बघवत नसे.

पुढच्या शरदात मच्छीमार संस्थेची तपासणी आली. डॉक्टरांनी सेइकिचीचे आकडे पाहून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"झुकेरान-सान, हे आकडे माणसाचे आहेत की ट्रकचे? हंगामाच्या आधी पुन्हा तपासतो. असेच राहिले तर बुडी मारायच्या परवानगीवर मी सही करणार नाही."

"पोरगेला आहे डॉक्टर," सेइकिची घरी येऊन म्हणाला. "भित्रा आहे."

मित्सुए दुसऱ्या दिवशी एकटीच दवाखान्यात गेली. "सहीचं राहू द्या," ती म्हणाली. "यांना धोका कितपत आहे ते सांगा." डॉक्टरांनी उलट विचारलं, "यांच्या भावाला काय झालं होतं?"

मित्सुए घरी परतली ती डब्यांची चळत उतरवायलाच.

तिने आधी सरळ सांगून पाहिलं. ते घरात कुणी ऐकलं नाही. मग गनिमी कावा सुरू झाला. मोझुकू बारीक चिरून तिने आमलेटात घातलं. ताकेरुने काडीने एक तंतू उचलला, उजेडात धरला आणि ओरडला, "आई, अंड्यात केस!" करीच्या पातेल्यात घातलं, तर सेइकिचीने त्यात बोट बुडवून पाहिलं आणि विचारलं, "ही अशी नाकातून आल्यासारखी का लागतेय?" पांढऱ्या भाताऐवजी बिनसडीचा तांदूळ शिजवला, तर ताकेरुने वाडगा उचलून विचारलं, "पाखरांना घालायचंय का हे?"

शेवटी वैतागून तिने मोझुकूची भजी तळली. तिच्या हयातीत एवढं कौतुक कुठल्याच पदार्थाचं झालं नव्हतं. बापलेकांनी कढईशी उभं राहून गरम गरम खाल्ली, बोटं चाटली, आणखी मागितली.

"बघ!" तेलकट हनुवटी पुसत सेइकिची म्हणाला. "उगाच म्हणतेस आम्ही शेवाळ खात नाही!"

"अहो, यात शेवाळ चिमूटभर आणि तेल वाडगाभर आहे!"

"चिमटीनेच सुरुवात करावी माणसाने," सेइकिची म्हणाला आणि त्याने शेवटचं भजं उचललं. त्याच आठवड्यात होडी धुताना तिला जाळ्यांच्या ढिगाखाली डबाबंद मांसाचा साठा सापडला. डब्यांबरोबर छोटी शेगडीही होती. मित्सुए तिथेच धक्क्यावर बसली. तिला संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण सेइतोकु पडला तो त्याच धक्क्यावर.

उपाय सुचला तो देव्हाऱ्यापाशी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी झुकेरानांकडे पितरांना नैवेद्य असतो. नैवेद्य दाखवून खाली उतरवला की घरच्यांनी तो वाटून खायचा. पितरांच्या पुढून आलेल्याला नाही म्हणायचं नसतं, ताटात टाकायचं तर मुळीच नसतं. त्या महिन्याच्या पहिल्या दिवशी नैवेद्यात कोंबूच्या, म्हणजे रुंद समुद्री पानाच्या, शिजवलेल्या गाठी होत्या. मित्सुएने पाहिलं, एरवी हिरव्याला हद्दपार करणाऱ्या ताकेरुने हात जोडले, गाठ तोंडात टाकली आणि मुकाट्याने चावून गिळली. तिने पुन्हा नीट पाहिलं. गिळली होती.

पंधराव्या दिवशी सकाळी ती चहा ओतता ओतता म्हणाली, "पहाटे बाबा स्वप्नात आले होते."

बाबा म्हणजे तिचे सासरे, सेइएइ. जाऊन बरीच वर्षं झाली होती. सेइकिचीच्या हातातला कप थबकला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, सूनबाई, मोझुकू खावंसं वाटतंय. व्हिनेगर घालून. तळू नकोस म्हणाले."

"तळू नकोस असं म्हणाले?"

"अगदी बजावून."

नैवेद्याला मोझुकूची वाटी गेली. नाबेने वाटीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"हे मागितलं ह्यांनी?"

"हो, आई."

"बरं," नाबे म्हणाली.

वाटी खाली उतरली. बापलेकांनी डोळे मिटून, पाठीचा कणा ताठ करून, लस टोचून घ्यावी तसं ते मोझुकू खाल्लं. पण खाल्लं. मित्सुएला आनंद लपवायला स्वयंपाकघरात जावं लागलं.

माणसाला यश पचवता आलं पाहिजे. मित्सुएला ते पचलं नाही. सेइएइ पहिल्यांदा पंधरवड्याने यायचे, मग आठवड्याने यायला लागले, मग त्यांना दिवसाआड सुनेची आठवण होऊ लागली. त्यांना कारलं हवं झालं. त्यांना बिनसडीचा भात हवा झाला. एकदा तर त्यांनी मिसोच्या सारात मीठ कमी घालायला सांगितलं.

"आजोबांना वर जाऊन बीपी सुरू झालं वाटतं," ताकेरु म्हणाला.

"पितरांची चेष्टा करू नये," मित्सुए गंभीर चेहऱ्याने म्हणाली. नाबे कोपऱ्यात रताळं सोलत होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं.

हिवाळा असा गेला. सेइकिचीचा पट्टा एका भोकाने आत आला. ताकेरु जिना चढून आल्यावर बोलू शकायला लागला. हे असंच वसंतापर्यंत रेटलं की सही झाली, असं मित्सुएचं गणित होतं. या गणितात तिने एक गोष्ट धरलीच नव्हती. तिचा नवरा बापावर जीव टाकणारा माणूस होता.

सेइकिची दिवसेंदिवस गप्प व्हायला लागला. होडीवर बसून समुद्राकडे बघत राही. एकदा तिने विचारलं तर म्हणाला, "अगं, बाबा इतक्यांदा येतात, इतकं मागतात. पोट भरलेला माणूस मागत नाही. बाबा वर उपाशी आहेत. आपलंच काहीतरी चुकलंय."

मित्सुएने तोंड उघडलं होतं सगळं सांगायला. पण सांगितलं तर उद्यापासून पुन्हा डबे आणि शेगडी. तिने तोंड मिटलं. सेइकिची उठला आणि थेट कामेचि आत्याकडे गेला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कामेचि अशा बातमीची वर्षानुवर्षं वाट पाहत होती. भाच्याला घेऊन ती युताकडे गेली. युता म्हणजे पितरांशी बोलणारी बाई. तिने उदबत्त्या लावल्या, तांदळाचे दाणे हातात खेळवले, डोळे फिरवले आणि सांगितलं, "वरचा माणूस नाराज आहे. त्याला जे आवडायचं ते त्याच्यापुढे येत नाही. नावडतं येतंय."

गंमत अशी की बाईने अगदी खरं सांगितलं होतं.

"बघ! मी म्हणत होते!" कामेचि दारातूनच ओरडत आली. "दोन भावांचं प्रकरण अंगाशी आलं की नाही? माझा भाऊ नाराज आहे! त्याला काय आवडायचं मला विचारा. साखर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं डुकराचं पोट आवडायचं. माशाची भजी आवडायची. डब्यातलं मांस तर जीव की प्राण! मित्सुए, आजपासून शिमीच्या सणापर्यंत रोज हाच नैवेद्य. आणि शिमीला समाधीवर मी स्वतः डबे भरून आणते."

"पण आत्याबाई, स्वप्नात तर ते..."

"स्वप्नात माणूस नीट ऐकू येत नाही."

नैवेद्याला नाही म्हणायचं नसतं, हा नियम ज्याच्या जोरावर मित्सुए नाचली होती, तोच आता उलटा फिरला होता. डबाबंद मांस वाजतगाजत घरी परतलं, देव्हाऱ्यात विराजमान झालं आणि तिथून उतरून थेट सेइकिचीच्या ताटात आलं. तो ते हात जोडून, भक्तिभावाने खायचा. ताकेरु तर दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणायचा, "आजोबांसाठी." पट्टा पुन्हा आपल्या जुन्या भोकावर गेला. शिमीनंतर तीनच दिवसांनी डॉक्टरांची तपासणी होती.

शिमीच्या सकाळी मित्सुए अंगणात काहीच न सुचून उभी होती. शिमी हा पितरांच्या समाधीवर जेवायचा दिवस. सगळी भावकी जमते, समाधीच्या पुढच्या फरशीवर चटया पसरतात, गेलेल्यांना जेवू घालून मग जिवंत जेवतात. नाबे काठी टेकत बाहेर आली आणि म्हणाली, "तो डबा घे."

"कुठला, आई?"

"शेवाळाचा. व्हिनेगर बेताचं घाल."

मित्सुएने विचारलं नाही. सासूबाईंना प्रश्न ऐकू येणार नाही हे तिला माहीत होतं.

समाधीपुढे कामेचिने डबे उघडले तेव्हा वासानेच लोकांची ध्यानं मोडली. काळ्या चकचकीत डब्यांत डुकराच्या पोटाचे थरथरणारे चौकोन, भज्यांच्या राशी, मांसाचे तळलेले काप. उदबत्त्या झाल्या, आवामोरी दारू ओतून झाली, पितरांच्या खर्चासाठी कागदी पैसे जाळून झाले. कामेचि समाधीकडे तोंड करून म्हणाली, "दादा, घे बाबा पोटभर. ही पोरं चुकली. आता नाराज राहू नकोस." मग डबे माणसांकडे फिरले. सेइकिचीने डोळे पुसले आणि डुकराच्या पोटाच्या सगळ्यांत मोठ्या चौकोनाकडे काड्या नेल्या.

नाबेची काठी त्या काड्यांवर आपटली.

"थांब. मला बोलायचंय."

नाबे चारचौघांत बोलली याला एवढी वर्षं लोटली होती की लोकांनी चावणंसुद्धा थांबवलं.

"ह्यांना मोझुकू कधीच आवडलं नाही," ती म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी वाटीभर दिलं, तर ह्यांनी ते कोंबड्यांना घातलं. कोंबड्यांनीही खाल्लं नाही."

चटईवरच्या सगळ्या माना हळूहळू मित्सुएकडे वळल्या. मित्सुएला वाटलं, समाधीचा दगड बाजूला सरकावा आणि आपण आत जावं.

"म्हणजे," कामेचिचा आवाज चढला, "सुनेने पितरांच्या नावाने थापा मारल्या?"

"मारल्या," नाबे म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग तू गप्प का बसलीस, वहिनी?"

"माझा मुलगा खात होता म्हणून."

नाबे आता सेइकिचीकडे वळली.

"सेइकिची, तुझ्या आत्याचं म्हणणं तुला माहीत आहे. दोन भाऊ एका देव्हाऱ्यात शेजारी बसत नाहीत. दोन वर्षं ती गावभर हेच सांगत फिरतेय. मला पटलं बाई तिचं. वरती सेइतोकु बसलाय. तुला जागा नाही."

"आई, काय बोलतेस..."

"जागा नाही म्हणते ना. तू आत्ता गेलास तर तुझी पट्टी मी कुठे ठेवू? फ्रिजवर?"

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं. नाबेच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"ह्यांच्या खालची जागा रिकामी आहे, ती माझी. मी कधीची रांगेत उभी आहे. एक पोरगा मध्येच घुसून माझ्या पुढे गेला. लहानपणापासून तसाच होता, जेवायला पहिला. त्याला मी काही बोलले नाही." तिने काठी चटईवर आडवी ठेवली. तिचा आवाज एरवीसारखाच होता. "रोज सकाळी मी त्याला हात जोडते. आई असून. सेइकिची, दुसऱ्याला जोडायला लावू नकोस. माझ्याच्याने व्हायचं नाही."

जाळलेल्या कागदी पैशांची राख वाऱ्याने उडून भज्यांवर बसत होती आणि ती झटकायचंही कुणाला सुचत नव्हतं. मित्सुए घळाघळा रडत होती. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण रडताना आवाज फुटत नव्हता.

नाबेने सुनेच्या पिशवीतला डबा काढला, झाकण उघडलं आणि लेकापुढे सरकवला. "हे पितरांचं नाही. हे माझं. खा."

सेइकिचीने काड्या उचलल्या. मोझुकू नेहमीप्रमाणे निसटलं. दुसऱ्यांदा निसटलं. मग त्याने काड्या ठेवल्या, डबा तोंडाला लावला आणि सगळं ओढून घेतलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"व्हिनेगर जास्त झालंय," तो अखेरीस म्हणाला.

"बेताचंच आहे हो!" मित्सुए किंचाळली, आणि आता सगळेच हसले, रडणारेसुद्धा. ताकेरुने गुपचूप हात पुढे करून डब्याच्या तळाशी राहिलेलं निपटून खाल्लं.

"आणि हे?" कामेचिने केविलवाणेपणाने आपल्या डब्यांकडे पाहिलं. "पहाटेपासून शिजवलंय मी. या डुकराच्या पोटाचं काय करू?"

"इकडे आण," नाबे म्हणाली. "नव्वदीनंतर मला काय होणार आहे?" तिने सगळ्यांत मोठा चौकोन उचलला आणि डोळे मिटून, चवीने, सावकाश खाल्ला.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी आकडे पाहिले. "ट्रकचे नाहीत," ते म्हणाले, "पण अजून टेम्पोचे आहेत." या वर्षी बुडी ताकेरु मारील आणि सेइकिची होडीवर बसून नळी सांभाळील, एवढ्यावर त्यांनी सही केली. सेइकिचीला ते लागलं. आठ दिवस तो होडीवरून ताकेरुला नळी कशी धरायची ते ओरडून सांगत होता, आणि पाण्याखालच्या माणसाला ऐकू येत नाही हे त्याला कुणी सांगितलं नाही. पण न्याहारीला वाटीभर मोझुकू समोर आलं की तो मुकाट्याने खायचा. सुताराचं आणि लाकडाचं वाक्य त्या घरात पुन्हा कुणी ऐकलं नाही.

मित्सुएने सासऱ्यांची माफी मागितली ती आपल्या पद्धतीने. अधूनमधून ती त्यांच्यापुढे डबाबंद मांसाचा एक काप ठेवते. तो खाली उतरला की नाबेच्या बशीत जातो, आणि त्याबद्दल काही विचारलं तर नाबेला ऐकू येत नाही.

हंगाम संपत आला तेव्हा चांद्र महिन्याचा पहिला दिवस आला. नैवेद्य वाढायला म्हणून मित्सुए बैठकीत गेली, तर सेइकिची आधीच देव्हाऱ्यापुढे बसलेला. नाबे चहाच्या वाट्या घेऊन त्याच्या मागे उभी होती. भावाला तो नेहमी तळलेलं मांस ठेवायचा. आज त्याने सेइतोकुच्या पट्टीपुढे मोझुकूची वाटी ठेवली होती, काठोकाठ भरलेली.

"उशीर झाला रे," तो भावाला म्हणाला, "पण खा."

मग त्याने हात जोडले, वाटी खाली उतरवली आणि भावाच्या वाटचंही खाऊन टाकलं.